रॉकेट राहिलं, सीटची रेल आली

तू विचारलंस, "दादा, पुण्यातून मेकॅनिकल झालंय, आता अमेरिकेत एरोस्पेसमध्ये एमएस करायचं म्हणतेय. व्हिसामुळे करिअरवर खरंच एवढा फरक पडतो का?" पडतो. एरोस्पेसमध्ये तर जास्तच.

मी २०१६ मध्ये सांगलीहून याच विषयासाठी इथे आलो. पहिल्याच सेमिस्टरला कॅम्पसवर जॉब फेअर होता. इस्त्रीचा शर्ट घालून रॉकेट बनवणाऱ्या एका कंपनीच्या टेबलापाशी चाळीस मिनिटं रांगेत उभा राहिलो. समोरच्या बाईंनी रेझ्युमे उघडायच्या आधीच विचारलं, ग्रीन कार्ड आहे का? नाही म्हटल्यावर हसून कागद परत दिला. त्यांचाही इलाज नव्हता. रॉकेट, लष्करी विमानं वगैरे इथे 'आयटार' नावाच्या निर्यात-नियमांखाली येतात. त्यातली तांत्रिक माहिती परदेशी माणसाला दाखवणं हीसुद्धा निर्यातच, मग तो शेजारच्या टेबलावर का बसलेला असेना. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले चालतात, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) आणि एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाले नाहीत. कंपनीला सरकारकडून परवाना काढता येतो, पण नवख्या पोरासाठी ती यातायात कोण करणार? प्रवासी विमानांचं काम त्या मानाने मोकळं आहे, पण तीच कंपनी लष्करी कामही करत असली तर जाहिरातीत ही अट दिसतेच.

मग मी क्रॅश सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर गाडीचा अपघात घडवून बघणं, शिकलो आणि डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत लागलो. सीट ज्या रेलवर पुढेमागे सरकते ती अपघातात किती वाकते, हे गेली सात वर्षं बघतोय. काम वाईट नाही. पण ते मी निवडलं असं म्हणायला जीभ रेटत नाही.

कारण तेव्हा डोक्यात एकच हिशोब होता. ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायच्या परवानगीचे १२ महिने, स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित) विषय म्हणून आणखी २४, आणि पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहायचं नाही. तेवढ्यात एच-१बीची लॉटरी लागली पाहिजे. वर्षाला जागा ६५,०००, वर इथल्या मास्टर्सवाल्यांसाठी २०,०००. माझा नंबर दुसऱ्या खेपेला, २०२० मध्ये लागला. त्यामुळे मुलाखतीत काम कसलं हे विचारायच्या आधी स्पॉन्सर करता का, म्हणजे माझ्या व्हिसासाठी अर्ज कराल का, हे विचारायचो. नियमही बदलत राहतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क आलं. तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नकोस, अर्ज करताना ताजं काय ते बघ.

ग्रीन कार्डाचं तर विचारूच नको. एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा. २०२५ च्या अखेरीस ईबी-२ मधल्या, म्हणजे मास्टर्सवाल्यांच्या रांगेतल्या, भारतीयांपैकी २०१३ च्या तारखांचे (रांगेत नाव लागल्याची तारीख) नंबर लागत होते. माझी तारीख २०२२ ची. आई दर दिवाळीला विचारते, "झालं का रे काम?"

२०२३ मध्ये बॅटरीवर काम करणाऱ्या अकरा जणांच्या एका कंपनीने बोलावलं. काम असं की रात्री झोप लागेना. पण ग्रीन कार्डाची कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून (तारीख तेवढी जुनीच राहते), आणि कंपनी बुडाली तर नवी नोकरी शोधायला ६० दिवस. बायकोला सातवा महिना होता. नाही म्हणालो. ती कंपनी अजून छान चाललीय, हेही सांगून टाकतो.

माझा मामेभाऊ हॅम्बुर्गला विमानांच्या केबिनचं काम करतो. पगार माझ्याहून कमी, आणि जर्मन भाषेने त्याचा घाम काढला. पण तिथे ब्लू कार्डवाल्याला (उच्चशिक्षित परदेशी लोकांचा नोकरीचा परवाना) २७ महिन्यांत कायमचं वास्तव्य मिळू शकतं, बी१ म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत. त्याने दोनदा नोकरी बदलली, त्यातली एक कंटाळा आला म्हणून. कंटाळा आला म्हणून! मला त्याच्या पगाराचा नाही, याचा हेवा वाटतो.

येऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण कर्जाच्या कागदांवर बाबांची सही व्हायच्या आधी प्रोफेसरांना मेल टाक: तुमच्या लॅबमधली कोणती प्रोजेक्ट्स निर्यात-नियमांखाली आहेत, परदेशी विद्यार्थ्याला त्यात घेता का? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा. विषय निवडताना कंपोझिट्स (मिश्र साहित्य), फटीग (वारंवार ताणाने धातू थकणं), सीएफडी (हवा-द्रवाच्या प्रवाहाचं संगणकावरचं गणित) असलं काहीतरी घे, म्हणजे विमानात नाही तर गाडीत, पवनचक्कीत कुठेतरी पाय टेकता येईल. तू बघतेयस त्या दोन्ही विद्यापीठांच्या कोर्सच्या याद्या पाठव, रविवारी बाळ झोपलं की बघतो.