सह्याद्रीत ट्रेक करतोय, मग आठ दिवसांत लडाखची मारखा व्हॅली होईल का?

तुम्ही विचारलंय की चौघं जण आहात, पुण्याहून विमानाने लेहला जाणार, सुट्टी आठच दिवस, केटूएस (कात्रज ते सिंहगड) चार-पाच वेळा झालंय, तर गाईड न घेता मारखा व्हॅली जमेल का. माझ्या मते नका करू, आणि अडचण तुमच्या पायांची नाहीये, दिवसांची आहे.

कात्रज ते सिंहगड रात्रीतून काढणाऱ्याला मारखाची चाल जड नाही. पण सिंहगड १,३०० मीटर, कळसूबाई १,६४६, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात कुठेही चढा, विरळ हवा म्हणजे काय ते शरीराला कळतच नाही. लेहला विमानातून उतरता तेच सव्वातीन हजार मीटरवर, शहर ३,५०० वर, आणि तिथे एका श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने साधारण दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. याची सवय शरीर त्याच्या वेगाने करतं, तुम्ही कितीही फिट असा. उलट दमदार माणूस भराभर वर जातो आणि तोच अडकतो.

आमचंच सांगतो. आम्ही पाच जण, सगळे दर रविवारी सिंहगड करणारे. हांकर गाव साधारण ४,००० मीटरवर आहे, तिथून सकाळी सगळे टुणटुणीत निघालो, मुक्काम ठाचुंगत्सेला ठरलेला पण अकरालाच पोचलो, ऊन छान पडलेलं, म्हटलं इथे दिवसभर बसून काय करायचं, चला थेट निमालिंगला. निमालिंग ४,८०० च्या आसपास. ३,००० च्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हे आम्हाला माहीत होतं, तरी ८०० ने वाढवली. आमच्यातला सगळ्यात फास्ट मित्र संध्याकाळी जेवला नाही, डोकं दुखतंय हेही बोलला नाही, आपल्यामुळे सगळ्यांचा ट्रेक नको बिघडायला म्हणून. रात्री दहाला बाहेर जायला उठला, बूट घातले, आणि लेस बांधता येईना. दोन टोकं दोन हातांत धरून नुसता बघत बसला. टॉर्चच्या उजेडात त्याला एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत सरळ चालायला लावलं तर तिसऱ्याच पावलाला कलंडला. हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण आहे, यावर खरा इलाज एकच, लगेच खाली नेणं. सकाळची वाट बघायची नाही.

आणि खाली म्हणजे कुठे, हे नकाशात आधीच बघून ठेवा. निमालिंगहून शांग सुमदोचा गाडीरस्ता जवळ वाटतो, पण मध्ये ५,२०० मीटरचा कोंगमारू ला आहे (ला म्हणजे खिंड), आधी वर चढल्याशिवाय खाली जाता येत नाही. म्हणून आम्ही मागे फिरलो. आमच्या घोडेवाल्या काकांनी एक शब्द न बोलता अंधारात घोड्यावर खोगीर चढवलं, मित्राला बसवलं, आणि पहाटे हांकरला आणलं. सकाळी त्याने स्वतःच्या हाताने लेस बांधली तेव्हा मला रडू आलं. गाईड किंवा घोडेवाला घ्याच म्हणतो ते याच्यासाठी.

त्यामुळे कमीत कमी बारा दिवस काढा. लेहमध्ये पूर्ण तीन रात्री, पहिल्या दिवशी खार्दुंग ला वगैरे काही नाही, रूमवर पडून राहायचं, पाणी प्यायचं. मग स्कियू, मारखा, हांकर, ठाचुंगत्से, निमालिंग, आणि एक दिवस हाताशी रिकामा. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, पुण्यातच डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. डोकं दुखलं तर लपवायचं नाही, हे चौघांनी निघायच्या आधीच एकमेकांना कबूल करा.

नदी जिथे पाण्यातून ओलांडायची असेल तिथे सकाळीच ओलांडा, दुपारी वरचा बर्फ वितळून तेच पाणी मांडीपर्यंत येतं. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून उतरायचं, पाय घसरला तर सॅक टाकता आली पाहिजे. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या, तरी खोऱ्यात बहुतेक ठिकाणी रेंज नाहीच. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन नेणं हा गुन्हा आहे, त्या भानगडीत पडू नका. होमस्टेला रोख लागते, ती लेहमध्येच काढा.

सुट्टी वाढतच नसेल तर यंदा शाम व्हॅली करा, लिकिर ते तेमिसगाम. तिथल्या खिंडी ४,००० मीटरच्या खाली आहेत, रोज मुक्कामाला गाव आहे, यांगथांगमध्ये आम्हाला घरातल्या आजींनी चुलीशेजारी बसवून स्क्यू (तिथला कणकेच्या तुकड्यांचा रस्सा) खायला घातलं होतं. लेहच्या तीन रात्री धरूनही आठ दिवसांत आरामात बसतं. मारखाला पुढच्या वर्षी जा, तारखा ठरल्या की इथेच विचारा, कुठल्या महिन्यात पाणी किती असतं ते सविस्तर सांगेन.