चार वाजताचा अंधार आणि दारातलं झाड

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. घरात कशाची उणीव नाही, दोघांच्या नोकऱ्या नीट चालल्यात, मुलगी शाळेत रुळली, तरी नोव्हेंबर लागला की जीव कशातच रमत नाही. लंडनजवळचा हा तुमचा तिसरा हिवाळा. "दुःख म्हणावं असंही काही नाही, म्हणून कुणाला सांगताही येत नाही," असं तुम्ही लिहिलंय. सांगितलंत, फार बरं केलंत.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. महाराष्ट्रात वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे ११ तासांचा असतो. लंडनला तोच दिवस पावणेआठ तासांच्या आसपास भरतो आणि चारच्या आतच सूर्य मावळतो. आपल्या भाषेत कातरवेळ म्हणतात ती घटका दोन घटकांची हुरहूर. तुमच्याकडे ती दुपारच्या चहालाच येऊन बसते आणि झोपेपर्यंत उठत नाही. शरीराचं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं. उजेडच कमी पडला की झोप, भूक, उत्साह सगळंच थोडं थोडं विस्कटतं. १९८४ साली डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ऋतूगणिक येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं. त्याआधीही माणसं ते भोगतच होती, फक्त त्याला नाव नव्हतं.

सकाळी आठला तुम्ही घरच्यांना फोन लावता आणि पडद्यावर त्यांच्या मागे भर दुपारचं ऊन दिसतं, हे तुमचं वाक्य वाचून मी थांबले. माझंही पहिली काही वर्षं असंच व्हायचं. इथल्या प्रत्येक दिवसाला मी तिकडच्या दिवसाशेजारी उभं करायची आणि इथला दिवस रोज हरायचा. मग इथल्या ऋतूकडे पाहणंच बंद झालं होतं. पडदे ओढलेले, दिवे लावलेले, आणि मार्चची वाट बघणं.

यातून मला बाहेर काढलं ते बसथांब्याजवळच्या हॉर्स चेस्टनट नावाच्या एका झाडानं. एकदा बस चुकली आणि वेळ जाईना म्हणून मी त्याची एक खालची फांदी हातात धरून पाहिली. पानं केव्हाच गळून गेली होती. पण जिथून पान सुटलं होतं तिथं घोड्याच्या नालेसारखी खूण होती, आणि तिच्यावर खिळे ठोकावेत तसे ठिपके. पानात पाणी नेणाऱ्या वाहिन्या तुटल्याच्या त्या जागा. आणि त्या खुणेच्या अगदी वर, बोटाला चिकटेल अशी तपकिरी, चकचकीत कळी. पुढच्या वर्षीची पालवी तिच्यात घडी घालून ठेवलेली होती. नंतर वाचलं तेव्हा कळलं की या कळ्या उन्हाळ्यातच तयार होतात, पानगळीच्या कितीतरी आधी. मी ज्याला मेलेलं झाड म्हणत होते, त्याची तयारी माझ्या येरझाऱ्यांच्या शेजारीच पुरी झालेली होती. त्या दिवशी खूप महिन्यांनी मी काही क्षण कशाशीच तुलना न करता उभी होते. मनःशांती म्हणतात ती मला तिथं, थंडीत, चुकलेल्या बसमुळे भेटली.

म्हणून सांगते, एक झाड धरा. मोठं जंगल, डोंगर, सुट्टीतली सहल, हे सगळं छानच आहे, पण त्याची वाट पाहू नका. रोजच्या वाटेवरचं एकच झाड, आणि रोज दोन मिनिटं. मुलीलाही सोबत घ्या. तिला एक वही द्या आणि आज काय बदललं तेवढं तारखेसह लिहू द्या. काहीच बदललं नसेल तर तसं लिहावं. शाळेत तिला सहा ऋतू शिकवले गेले नाहीत म्हणून हळहळू नका. वसंत-ग्रीष्म ती तुमच्याकडून ऐकेलच, पण जिथं ती वाढतेय तिथला ऋतू तिनं आधी हातानं चाचपलेला बरा.

दुसरं उजेडाचं. घरातल्या दिव्यांचा प्रकाश बहुतेक वेळा काहीशे लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) असतो. आभाळ भरलेलं असलं तरी दिवसा बाहेर त्याच्या कितीतरी पट मिळतो. त्यामुळे "ऊन नाही तर बाहेर कशाला" हा हिशेब चुकीचा आहे. सकाळी, जमलं तर उजाडल्याबरोबर, अर्धा तास चाला. इंग्लंडमध्ये सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीवर २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात काढणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. ती मिनिटं एकदम काढली की थोडी थोडी, यानं फरक पडत नव्हता.

आणि डिसेंबरच्या मध्यावर सूर्यास्ताकडे लक्ष ठेवा. सर्वांत लहान दिवस २१-२२ तारखेला येतो, पण संध्याकाळ लांबायला त्याच्या आठवडाभर आधीच सुरुवात झालेली असते. सकाळ मात्र नवं वर्ष उजाडेपर्यंत उशिराच होत राहते, म्हणून ते चटकन लक्षात येत नाही.

मात्र दोन आठवडे सलग मन खचलेलं राहिलं, झोप किंवा जेवण बिघडलं, जगणंच नकोसं वाटू लागलं, तर झाडावर भिस्त ठेवून बसू नका. शेवटचं असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. सकाळी वापरायचे १०,००० लक्सचे दिवे मिळतात आणि अनेकांना उपयोगी पडतात, पण डोळ्यांचा आजार किंवा मनःस्थितीत टोकाचे चढउतार असतील तर आधी विचारून घ्या. यजमानांना हे पत्र दाखवायला हरकत नाही. तेही गप्प असले तरी त्याच अंधारातून घरी येतात.

आज झोपण्याआधी उद्याचा सूर्योदय किती वाजता आहे ते फोनवर बघून ठेवा, आणि दोघींचे कोट दाराशी काढून ठेवा.