तीन ट्रान्समीटर, एक रिसीव्हर: आधी मॅक पत्त्याने वेगळे करा

एकाच चॅनेलवर तीन ईएसपी३२ (वाय-फाय असलेले छोटे बोर्ड) फ्रेम, म्हणजे डेटाची छोटी पाकिटं, पाठवतात, चौथा सीएसआय (माणसांच्या हालचालीने सिग्नल वाटेत कसा बदलला याचं मोजमाप) गोळा करतो आणि आलेखात तिघांचे सिग्नल एकमेकांत मिसळलेले दिसतात. आयसीए (मिसळलेले सिग्नल सुटे करण्याची गणिती पद्धत) लावून ते वेगळे होतील का, हा तुमचा प्रश्न. आयसीए तूर्त बाजूला ठेवा. तुमचे सिग्नल बहुधा हवेत मिसळलेलेच नाहीत, फाइलमध्ये मिसळलेत.

वाय-फायमध्ये पाठवण्याआधी प्रत्येक बोर्ड चॅनेल मोकळा आहे का ते ऐकतो. म्हणून फ्रेम एकापाठोपाठ एक येतात आणि सीएसआयची प्रत्येक नोंद एकाच फ्रेमची असते. त्या नोंदीत पाठवणाऱ्याचा मॅक पत्ताही (बोर्डाची ओळख सांगणारा क्रमांक) असतो. तो न पाहता सगळ्या नोंदी एका रेषेत काढल्या, तर आलेख तीन वेगळ्या मार्गांमध्ये उड्या मारतो आणि तो गोंगाट वाटतो. आधी मॅकनुसार तीन फाइली करा. तिन्ही बोर्डांचे पत्ते खरोखर वेगळे आहेत ना, तेही बघा. मी एकदा सगळ्यांवर एकच फर्मवेअर (बोर्डावर चालणारा प्रोग्राम) चढवलं होतं आणि त्यात मॅक हाताने लिहिलेला होता. ते सापडेपर्यंत माझा आठवडा गेला. तेव्हापासून मी प्रत्येक फ्रेममध्ये बोर्डाचा क्रमांक आणि अनुक्रमांक घालतोच.

ईएसपी-नाऊ (ईएसपी बोर्डांची राउटरशिवाय थेट बोलण्याची पद्धत) वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. त्याचा मूळ दर १ एमबीपीएस आहे. त्या जुन्या पद्धतीच्या फ्रेममध्ये ओएफडीएम (सिग्नल अनेक उप-वारंवारतांवर वाटून पाठवणं) नसतं, त्यामुळे सीएसआय मिळतच नाही. दर बदलून एमसीएस० (ओएफडीएम वापरणारा एक दर) करा.

खरी टक्कर होते ती मुख्यतः दोन ट्रान्समीटरना एकमेकांचं ऐकू येत नाही तेव्हा, उदाहरणार्थ मधे जाड भिंती असल्या तर. इथे गणित का थकतं ते समजून घ्या. रिसीव्हर चॅनेलचा अंदाज फ्रेमच्या सुरुवातीच्या एलटीएफवरून (रिसीव्हरला आधीच माहीत असलेल्या सिग्नलवरून) काढतो, आणि तो ठरलेला क्रम सगळ्यांचा सारखाच असतो. दोन एलटीएफ एकावर एक पडले, तर हाती येते दोन चॅनेलांची बेरीज. त्यातला कुठला भाग कोणाचा, याची खूण त्या बेरजेत उरत नाही. जीपीएसचे सगळे उपग्रह एल१ची १५७५.४२ मेगाहर्ट्झ हीच वारंवारता वापरतात, तरी वेगळे ओळखू येतात, कारण प्रत्येकाचा १०२३ चिपांचा (अंकांचा) कोड निराळा असतो. तुमच्या बोर्डांकडे तशी सोय नाही. म्हणून वेगळेपण पाठवतानाच द्यायला हवं, आणि ते वेळेने देता येतं.

रिसीव्हरने दर १० मिलिसेकंदांनी एक छोटी हाक द्यावी आणि प्रत्येक बोर्डाने ती ऐकून आपल्या ठरलेल्या विलंबाने उत्तर द्यावं. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३ मिलिसेकंद येतात, आणि छोट्या फ्रेमला ते भरपूर आहेत. हाक सोडून बोर्डांच्या स्वतःच्या घड्याळावर विसंबू नका. दोन बोर्डांच्या क्रिस्टलमध्ये (घड्याळ चालवणाऱ्या स्फटिकांमध्ये) २० पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत २० भागांचा, फरक असला, तरी ५० सेकंदांत १ मिलिसेकंद सरकतो, म्हणजे तीनेक मिनिटांत एकाची पाळी दुसऱ्याच्या पाळीवर चढते. २०२५ मध्ये आलेल्या ८०२.११बीएफ या वाय-फाय सेन्सिंगच्या मानकातही अॅक्सेस पॉइंटला मोजमापाच्या पाळ्या ठरवून देता येतात.

प्रत्येक बोर्डाच्या सेकंदाला १०० फ्रेम चालण्याच्या हालचालीला पुरतात. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे १२.५ सेंमी असते, त्यामुळे सेकंदाला १ मीटर वेगाने चालणारा माणूस जास्तीत जास्त १६ हर्ट्झच्या आसपास बदल घडवतो. फ्रेम मात्र कधीच अगदी समान अंतराने येत नाहीत. एफएफटीच्या (सिग्नलमधल्या वारंवारता काढणाऱ्या गणिताच्या) आधी टाइमस्टॅम्प वापरून इंटरपोलेशन करा, म्हणजे मधल्या किमती अंदाजाने भरून अंतरं समान करा.

फेजच्या (लहर आपल्या चक्रात कुठे आहे त्याच्या) मागे लागू नका. प्रत्येक बोर्डाचा क्रिस्टल वेगळा, त्यामुळे फेज दर फ्रेमला भरकटते. एकाच रिसीव्हरवर दोन अँटेना असतील तर त्यांच्या सीएसआयचं गुणोत्तर घेऊन ती चूक छाटता येते. एका अँटेनावर अँप्लिट्यूडच (सिग्नलची ताकद) वापरा.

एवढं केल्यावरही एक मिश्रण उरेल: दोन माणसं एकाच वेळी चालली तर प्रत्येक ट्रान्समीटरच्या सिग्नलमध्ये दोघंही दिसणार. हा निराळा आणि खरोखर अवघड प्रश्न आहे. २० मेगाहर्ट्झच्या बँडविड्थला मार्गांच्या लांबीतला सुमारे १५ मीटरचाच फरक वेगळा कळतो, तेव्हा एका खोलीतली दोन माणसं अंतरावरून सुटी होत नाहीत. पण तीन ट्रान्समीटर तीन कोनांतून बघतात, आणि एकाच हालचालीचा डॉपलर (हालचालीमुळे वारंवारतेत होणारा बदल) प्रत्येकाला वेगळा दिसतो. तुमच्या तीन बोर्डांचा खरा उपयोग इथे आहे. आधी एकच माणूस चालवून मॅकनुसार तीन आलेख काढा. ते तिन्ही एकमेकांपासून वेगळे दिसले, तरच दुसऱ्या माणसाला आत बोलवा.