इंग्लंडचा कायदा बाकीच्या युरोपपेक्षा वेगळा का पडला?

तुमचा प्रश्न असा आहे: रोमन कायदा हा सगळ्या युरोपाचा पाया म्हणतात, मग इंग्लंडमध्ये जुन्या निकालांवर चालणारा कायदा आणि फ्रान्स-जर्मनीत संहितेवर चालणारा कायदा, असे दोन रस्ते झाले कसे?

मी सिंधुदुर्गात दिवाणी वकिली करतो. गोव्याची हद्द जवळ असल्यामुळे हे दोन्ही रस्ते माझ्या टेबलावर येऊन मिळतात, म्हणून या विषयाची मला मनापासून ओढ आहे. माझ्या मते सगळा फरक वेळेचा आहे. इंग्लंडमध्ये राजाची कोर्टं आधी बसली आणि रोमन कायद्याचे पंडित नंतर आले. बाकी युरोपात बऱ्याच ठिकाणी पंडित आधी पोचले.

ते पंडित कुठून आले ते आधी बघू. सम्राट जस्टिनियनने कॉन्स्टँटिनोपलमध्ये ट्रिबोनियन नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली जुन्या रोमन विधिज्ञांचे उतारे निवडून घेतले. त्याचे ५० भाग झाले आणि ५३३ साली ते ‘डायजेस्ट’ म्हणून लागू झाले. पश्चिम युरोपात मात्र पुढे कित्येक शतकं ते कुणी धड वाचलंच नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या बोलोन्यात इर्नेरियस नावाच्या शिक्षकाने ते ओळीओळीने शिकवायला घेतलं. त्या परंपरेतलं हस्तलिखित पाहिलंत तर मधोमध मूळ मजकूर आणि चारी बाजूंना बारीक अक्षरात टीपा दिसतात. आपल्या पोथीतल्या मूळ श्लोकाभोवती टीका असते, अगदी तसंच. साधारण त्याच काळात इकडे कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी विज्ञानेश्वर याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहीत होता, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. दोन्हीकडे जुना ग्रंथ हातात घेऊन आजचे तंटे सोडवायची धडपड चालली होती.

बोलोन्यात शिकलेली मुलं आपापल्या देशात परतून बिशपांकडे आणि राजांकडे कामाला लागली. गावोगावच्या चालीरीती वेगवेगळ्या होत्या, पण शिकलेल्यांची भाषा एक झाली. युरोपातला कायदा असा वर्गातून पसरला.

इंग्लंडमध्ये दुसऱ्या हेन्रीने (११५४ ते ११८९) तोवर वेगळाच घाट घातला होता. त्याचे न्यायाधीश मुलखात फिरायचे. तक्रार असेल तर राजाच्या कचेरीतून ठरलेल्या नमुन्याचा हुकूम पैसे भरून घ्यायचा. त्यातला एक जमिनीच्या ताब्याचा होता. समजा, कुणी तुम्हाला शेतातून हुसकलं. मग शेरीफ, म्हणजे त्या भागातला राजाचा अधिकारी, आसपासची बारा माणसं गोळा करणार आणि न्यायाधीश त्यांना एवढंच विचारणार, की याला नुकतंच, निवाडा झालेला नसताना, हुसकलं का? मालकी कुणाची, हा वाद तिथे काढायचाच नाही. हो म्हणाले तर ताबा परत. आपल्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ६ याच जातकुळीचं आहे: सहा महिन्यांच्या आत दावा लावा, मालकी बाजूला ठेवून ताबा मिळेल. कोकणात सामाईक जमिनीवरून रोज भांडणं होतात, तिथे या कलमाची किंमत मी अनेकदा पाहिली आहे. रोमन कायद्यातही जबरदस्तीने ताबा घेणाऱ्याविरुद्ध अशी सोय होती, त्यामुळे इंग्लंडला रोमचा वाराच लागला नाही असं मी म्हणणार नाही. पण रचना राजाच्या कोर्टाची होती.

मग आलं १२१५. या साली मॅग्ना कार्टा (राजाच्या सत्तेला लगाम घालणारी इंग्लंडची सनद) झाला, तो सगळ्यांना ठाऊक असतो. मला मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरात रोममध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने भरवलेली परिषद जास्त महत्त्वाची वाटते. तोवर पुरावा नसेल तर दिव्य करायला लावत. आरोपीने तापलेलं लोखंड हातात धरून काही पावलं चालायचं, हात बांधायचा आणि तीन दिवसांनी सोडून बघायचं. जखम चिघळली असेल तर तो गुन्हेगार. आपल्याकडे वतनाच्या तंट्यात उकळत्या तेलातून रवा, म्हणजे धातूचा तुकडा, हाताने काढायचे, त्याचाच हा भाऊबंद. परिषदेने ठरवलं की यापुढे धर्मगुरूंनी या प्रकारात भाग घ्यायचा नाही. धर्मगुरूचा मंत्र नाही म्हटल्यावर दिव्याला अर्थ उरला नाही, आणि सगळ्या युरोपापुढे एकदम प्रश्न पडला: आता खरं-खोटं ठरवायचं कसं?

इंग्लंडच्या हाताशी ती बारा माणसं होतीच. जमिनीच्या वादात त्यांना विचारत होते, आता खून-चोरीतही विचारू लागले. ज्यूरी रुळली ती अशी. इटली-फ्रान्सकडे रोमन आणि चर्चच्या कायद्यात शिकलेला न्यायाधीश होता. त्याने स्वतः चौकशी करायची, जबाब लिहून घ्यायचे, आणि गंभीर गुन्ह्यात दोन प्रत्यक्ष साक्षीदार किंवा कबुली असल्याशिवाय पूर्ण पुरावा मानायचा नाही. नियम सावध होता, पण दोन साक्षीदार मिळाले नाहीत की कबुलीसाठी छळ सुरू व्हायचा. एवढ्या काळजीने केलेल्या नियमातून एवढं क्रौर्य निघावं, याने मी आजही अस्वस्थ होतो.

पुढे शिक्षणाने ही फट आणखी रुंदावली. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये रोमन कायदा शिकवत, पण राजाच्या कोर्टात उभं राहणारा वकील लंडनच्या ‘इन’मध्ये, म्हणजे वकिलांच्याच संस्थेत, ज्येष्ठ वकिलांच्या पंगतीला बसून तयार व्हायचा. ऑक्सफर्डमध्ये ब्लॅकस्टोनने इंग्रजी कायद्यावर व्याख्यानं सुरू केली तेव्हा १७५३ साल उजाडलं होतं.

फ्रान्समध्ये क्रांतीच्या आधी न्यायाधीशाची जागा विकत मिळायची, त्यामुळे क्रांतीनंतर लोकांचा न्यायाधीशांवर भरवसाच उरला नव्हता. १८०४ ची नेपोलियनची संहिता, तिची २२८१ कलमं, या पार्श्वभूमीवर वाचा. कलम ५ सांगतं, न्यायाधीशाने सर्वांना लागू होईल असा सामान्य नियम निकालातून घालून द्यायचा नाही. त्याच्या आधीचं कलम ४ सांगतं, कायदा गप्प आहे किंवा संदिग्ध आहे ही सबब सांगून निकाल द्यायचं टाळताही येणार नाही. म्हणजे निकाल तर द्यायचाच, पण तो त्या दोन पक्षकारांपुरता. इंग्लंडमधला न्यायाधीश नेमका याच्या उलट वाढला. जर्मनांनी बराच काळ वाद घालून आपली संहिता १ जानेवारी १९०० पासून लागू केली.

आता माझ्या टेबलावर या. पोर्तुगालने फ्रान्सचा कित्ता गिरवत १८६७ मध्ये आपली दिवाणी संहिता केली आणि १८७० पासून ती गोव्यात लागू झाली. पोर्तुगालने स्वतः ती १९६७ मध्ये बदलली, पण गोवा १९६१ लाच भारतात आला होता, म्हणून इथे जुनीच राहिली. वारसाहक्काचा भाग २०१६ पासून गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आहे, गाभा तोच. नवरा वारला की सावंतवाडीची हिंदू बाई विचारते, माझा वाटा किती? नवऱ्याची स्वकष्टार्जित मिळकत आणि दोन मुलं असतील, मृत्युपत्र नसेल आणि सासू हयात नसेल, तर मी सांगतो, तिसरा हिस्सा. हद्दीपलीकडच्या, गोव्यातल्या पेडण्याच्या बाईने लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर सर्वसाधारणपणे दोघांच्या मिळकतीचा अर्धा भाग मुळात तिचाच असतो. तो वारसा नव्हे. वाटणी उरलेल्या अर्ध्याची होते.

आणि या कलमांचा अर्थ लावतं कोण? मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ, लांबलचक इंग्रजी निकालांतून, आधीचे निकाल पुढे धरून. गोंयकाराची गोव्याबाहेरची मिळकतसुद्धा याच कायद्याने वाटली जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. त्या प्रकरणातली मिळकत मुंबईची होती. तेव्हापासून गोव्याचा पक्षकार आला की मी आधी विचारतो, मुंबईत खोली-बिली आहे का?