‘उदास विचारें वेच करी’ म्हणजे नेमकं काय?

तुकोबांच्या ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ या ओळीबद्दल प्रश्न आला आहे : चांगल्या मार्गाने मिळवलेला पैसा दुःखी मनाने का खर्चायचा?

दुःखाचा इथे काही संबंध नाही. ‘उद्’ आणि ‘आस्’ (बसणे) यांपासून ‘उदासीन’ झाला. बाजूला, जरा उंचावर बसलेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘उदासीन’ हा शेजाऱ्यांच्या भांडणाबाहेरचा राजा आहे, आणि तो चांगला बलवान आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं येतात ती ‘अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः’ अशी. एका बाजूला ‘दक्ष’, दुसऱ्या बाजूला ‘गतव्यथ’. म्हणजे हा माणूस ना खिन्न, ना बेफिकीर. आज मात्र आपण ‘उदास’ला रडवेला केलाय आणि ‘उदासीन’ला ‘प्रशासन उदासीन’ म्हणत निष्काळजी.

ओळीतला ‘वेच’ म्हणजे खर्च. ‘आयुष्य वेचलं’ म्हणताना आपण तो अजून वापरतो. पैसा हातून सुटतो, मन मात्र त्याच्यामागे जातं. लग्नातली आहेराची वही आठवा. कोणी किती घातले ते नावानिशी लिहिलेलं, आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की आधी ती वही उघडायची. व्यवहार म्हणून त्यात वावगं काही नाही, पण तो ‘उदास’ वेच नव्हे. याच अभंगात पुढे ‘तान्हेल्या जीवन वनामाजी’ येतं. जीवन म्हणजे पाणी. रानातल्या वाटेवर रांजण भरून ठेवणाऱ्याला कोण पिऊन गेलं ते कळतही नाही. तुकोबांना अभिप्रेत असलेला खर्च हा.

आणि हे संन्याशाला सांगितलेलं नाही. अभंग संपतो तो ‘तुका म्हणे हेंचि आश्रमाचें फळ’ म्हणत, म्हणजे गृहस्थाश्रमाचं. मिळवायचं आहेच, तेही ‘उत्तम वेव्हारें’. सांगणारा स्वतः वाण्याच्या घरचा, देण्याघेण्यात वाढलेला. वडिलोपार्जित कर्जखतांपैकी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, निम्मा वाटा त्याला देऊन तुकोबांनी आपला वाटा इंद्रायणीत सोडला, असं परंपरा सांगते. त्या कथेतली मला सर्वांत मोलाची वाटते ती भावाची वाटणी. स्वतःच्या हक्कावर पाणी सोडलं, दुसऱ्याच्या नाही. ‘उदास विचार’ असा दक्षही असतो.

रामदासांच्या ‘उदासीनता तत्वता सार आहे’ या ओळीतही हाच अर्थ घ्यायचा. लगेच पुढे ते ‘सदा सर्वदा मोकळी वृत्ति राहे’ म्हणतात. मुलांना अर्थ सांगताना ‘अलिप्त मनाने’ म्हणा. ‘उदासीनपणे’ म्हणालात तर आजच्या कानाला तो खर्च बेपर्वाईचा वाटेल.