सुटे भाग बदलले की ध्वनी बदलतो का?

प्रश्न : टीएल०७२ हा आयसी वापरून मी घरी टोन कंट्रोलसह (खर्ज-तार स्वर कमीजास्त करणारा भाग) एक प्रीॲम्प्लिफायर, म्हणजे मुख्य ॲम्प्लिफायरच्या आधीचा टप्पा, बांधला आहे. त्यातील साधे कपॅसिटर आणि कार्बनचे रेझिस्टर काढून महागडे पॉलिप्रॉपिलीनचे कपॅसिटर आणि मेटल फिल्मचे रेझिस्टर बसवले, तर गाणे अधिक मोकळे ऐकू येईल, असे एका मित्राने सुचवले आहे. हा खर्च करावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सगळे भाग सरसकट बदलू नका. एखाद्या भागाचा ध्वनीवर परिणाम होतो की नाही, हे तो सर्किटमध्ये कोणत्या जागी बसला आहे आणि तेथे त्याच्या दोन टोकांदरम्यान किती सिग्नल पडतो, यावरून ठरते. त्यामुळे एकच कपॅसिटर एका जागी पूर्ण निर्दोष ठरतो आणि दुसऱ्या जागी स्पष्ट मोजता येईल इतके डिस्टॉर्शन, म्हणजे सिग्नलच्या आकाराची विकृती, निर्माण करतो.

तुमच्या सर्किटमधील कपलिंग कपॅसिटरचेच, म्हणजे डीसी अडवून सिग्नल पुढच्या टप्प्याला देणाऱ्या कपॅसिटरचेच, उदाहरण घेऊ. त्याच्या पुढे १० किलोओहमचा भार असेल आणि कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा असेल, तर सुमारे १६ हर्ट्झपाशी सिग्नल ३ डेसिबलने घटतो. म्हणजेच तबल्याच्या बायाँसारख्या खर्जाच्या ध्वनीच्या वेळी कपॅसिटरवर बऱ्यापैकी व्होल्टेज पडते आणि त्याच्या अंगचे दोष वर येतात. तोच कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा केला की ही मर्यादा १.६ हर्ट्झपर्यंत खाली जाते. १००० हर्ट्झला त्याचा अडथळा अवघा १६ ओहम, पुढचा भार मात्र १०,००० ओहम. कपॅसिटरवर जवळजवळ काही पडतच नाही, मग तो बिघडवणार तरी काय? येथे पुरेशा मोठ्या मूल्याचा साधा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, योग्य दिशेने बसवलेला, उत्तम काम करतो.

टोन कंट्रोलमध्ये परिस्थिती वेगळी असते. तेथे कपॅसिटरचे कामच असे आहे की ठरावीक कंपनसंख्यांना त्याच्यावर व्होल्टेज पडावे. अशा जागी एक्स७आर किंवा वाय५व्ही प्रकारचा सिरॅमिक कपॅसिटर मुळीच वापरू नये, कारण व्होल्टेज बदलले की त्याचे मूल्य बदलते आणि सिग्नलचा आकार बिघडतो. शिवाय हे सिरॅमिक यांत्रिक धक्क्यालाही प्रतिसाद देते. प्रीॲम्प्लिफायरच्या पेटीवर टिचकी मारली तर ती कधी कधी स्पीकरमधून ऐकू येते. लहान मूल्यांसाठी सी०जी हे स्थिर मूल्याचे सिरॅमिक आणि मोठ्यांसाठी पॉलिएस्टर फिल्म वापरा. पॉलिप्रॉपिलीन पॉलिएस्टरपेक्षा सरस आहे, हे मोजमापात दिसते, आणि फिल्टरच्या जागी ते बसवण्यास माझी हरकत नाही. मात्र बदल ऐकू येईलच अशी खात्री मी देणार नाही.

रेझिस्टरबाबत थोडक्यात. १० किलोओहमचा कोणताही रेझिस्टर, तो कशाचाही बनलेला असो, २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात खोलीच्या तापमानाला सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट खरखर निर्माण करतोच. कार्बनमध्ये त्यावर आणखी खरखर येते, आणि रेझिस्टरवर डीसी व्होल्टेज जितके जास्त तितकी ती वाढते. मायक्रोफोन किंवा रेकॉर्ड प्लेअरच्या पहिल्या टप्प्यात हे महत्त्वाचे असते. पण १ व्होल्टच्या सिग्नलच्या तुलनेत १.८ मायक्रोव्होल्ट जवळपास ११५ डेसिबल खाली असतात. मेटल फिल्मचे रेझिस्टर आता काही महाग राहिलेले नाहीत, तेव्हा नव्या बांधणीत तेच घ्यावेत. जुने उपसून काढण्याचे कारण नाही.

आयसीची निवड मात्र एके काळी खरोखरच ऐकू येत असे. ७४१ या जुन्या आयसीचे आउटपुट एका मायक्रोसेकंदात अर्धा व्होल्टच बदलू शकते, आणि १० व्होल्ट शिखराची २० किलोहर्ट्झची लहर नीट उमटवायला मायक्रोसेकंदाला सव्वा व्होल्टचा वेग लागतो. टीएल०७२ चा वेग याच्या कितीतरी पट आहे. कमी अडथळ्याच्या स्रोताला ५५३२ हा आयसी अधिक शांत असतो, पण त्याच्या इनपुटला अधिक बायस करंट (आयसी चालण्यासाठी इनपुटमधून वाहणारा छोटा डीसी प्रवाह) लागतो. तो केवळ टीएल०७२ च्या जागी खोचला, तर व्हॉल्यूम फिरवताना खरखर येऊ शकते.

पैसे खर्च करायचेच असतील, तर ते व्हॉल्यूमच्या दुहेरी पोटेन्शिओमीटरवर, म्हणजे डावी-उजवी बाजू एकाच बटणाने फिरवणाऱ्या बदलत्या रेझिस्टरवर, करा. स्वस्त लॉग पोटेन्शिओमीटरमध्ये आवाज लहान असताना डाव्या-उजव्या बाजूंत एक-दोन डेसिबलचा फरक सहज पडतो आणि गायक मधून बाजूला सरकल्यासारखा वाटतो. हा दोष कोणालाही ऐकू येतो, तरीही हौशी मंडळी त्याकडे दुर्लक्ष करून कपॅसिटरच्या मागे लागतात, याचे मला वाईट वाटते.

मित्राचे म्हणणे तपासायचे असेल, तर दोन सारखी सर्किटे बांधा, दोन्हींची पातळी मल्टिमीटरने ०.१ डेसिबलच्या आत जुळवा, कारण किंचित मोठा ध्वनी कानाला नेहमीच चांगला वाटतो, आणि कोणते सर्किट चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू न देता १६ वेळा ओळखायला सांगा. निव्वळ अंदाजाने १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के असते.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या जुन्या ॲम्प्लिफायरचे कपॅसिटर बदलल्यावर घुमणारा आवाज गेला आणि गाणे स्वच्छ झाले. मग चांगल्या कपॅसिटरने ध्वनी सुधारतो, हे सिद्ध होत नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्हाला ऐकू आलेला फरक खरा आहे. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधील द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतो, त्याचे मूल्य घटते, अंतर्गत अडथळा वाढतो आणि पॉवर सप्लायमधील १०० हर्ट्झची गुणगुण स्पीकरपर्यंत पोहोचते. तुम्ही खराब झालेला भाग काढून धड भाग बसवला. त्याच मूल्याच्या आणि व्होल्टेजच्या साध्या नव्या कपॅसिटरनेही हाच परिणाम मिळाला असता. तापमान १० अंशांनी उतरले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, म्हणून १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे कपॅसिटर घ्या आणि ते हीटसिंकपासून, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागापासून, दूर बसवा. पुढच्या वेळी पेटी उघडण्यापूर्वी वीजजोडणी काढा आणि पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर योग्य वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामे करून मगच हात लावा.