दिवा विझला तर देव कोपतो का?

पूजेत चूक झाली तर देव शिक्षा करतो का, हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी माणसं फार उशिरा विचारतात. झोप लागत नाही, घरात चिडचिड होते, कामावर जायला उशीर होतो, अशी सुरुवात असते. या ताईंचंही तसंच झालं. (त्यांच्या संमतीने लिहिते आहे; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

चाळिशी ओलांडलेल्या, नोकरी करणाऱ्या. पूर्वी वीस मिनिटांत आटोपणारी सकाळची पूजा अडीच तासांवर गेली होती. अथर्वशीर्ष म्हणताना एक शब्द अडखळला की पुन्हा ‘ॐ भद्रं कर्णेभिः’पासून. फूल खाली पडलं की हात धुऊन दुसरं. मुलीचा डबा राहायचा, कामावर लेट मार्क लागायचा. दोन वर्षांपूर्वी एका संकष्टीला निरांजन मध्येच विझलं आणि त्याच संध्याकाळी यजमानांच्या स्कूटरला टेम्पोने धडक दिली. मोडलेला पाय पुढे बरा झाला. ताईंच्या मनातला हिशेब मात्र कायमचा बसला.

मी विचारलं, “तुम्ही पूजेला बसता तेव्हा देव तुमच्याकडे कसा बघत असतो?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “शाळेत इन्स्पेक्शनला साहेब यायचे ना, तसा. वही उघडून चूक शोधत.”

“आणि स्तोत्रात तुम्ही त्याला काय म्हणता?”

“दयाळू, कृपाळू, विघ्नहर्ता...” एवढं म्हणून त्या थांबल्या आणि त्यांना रडू आलं.

ही विसंगती मला फार महत्त्वाची वाटते. ओठांवर कृपाळू आणि मनात दंड करणारा, असा देव असला की स्तुती ही स्तुती राहत नाही, ती विनवणी होते: एवढं म्हणते, पण आमच्यावर रागावू नकोस. अशी विनवणी कितीही केली तरी पुरत नाही, म्हणून पूजा लांबत जाते. केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने श्रद्धा आणि संकटं यांवर बराच अभ्यास केला आहे. आपली भक्ती कमी पडली म्हणून देव शिक्षा करतो आहे, ही भावना त्याने श्रद्धेच्या त्रासदायक रूपांत मोजली. श्रद्धा आधार देते तशी छळूही शकते.

ताईंच्या लक्षणांवरून मला मंत्रचळाची (ओसीडी: नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्या भीतीने तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणं, हा मानसिक आजार) शंका आली, म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. निदान तेच निघालं. औषध सुरू झालं. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा वेळी घरचे “मनाचे खेळ आहेत, सोडून दे” म्हणतात. नुसतं सांगून हे सुटत नाही.

ताईंची श्रद्धा काढून घ्यायचा मला अधिकार नाही, तशी इच्छाही नव्हती. आम्ही त्यांच्याच परंपरेत शोधायला लागलो. घरच्या गुरुजींनी त्यांना आठवण करून दिली की पूजेच्या शेवटी आपण ‘मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं’ म्हणतो आणि जे झालं ते पूर्ण मानून घे, असं देवाला विनवतो. म्हणजे चूक होणार हे पूजेनेच धरलेलं आहे! ताई हा श्लोक रोज म्हणत होत्या, पण म्हणताना लक्ष मागच्या चुकांवर असायचं.

त्यांची आजी पंढरीची वारकरी. जनाबाई विठोबाला ‘अरे विठ्या विठ्या’ म्हणून शिव्या घालते, ते आजी हसत हसत म्हणायची. मी विचारलं, “तुमच्या गणपतीशी असं भांडता येईल?” त्या दचकल्या. हक्काने भांडता येईल एवढा जवळचा देव आजीच्या घरात होता, त्यांच्या स्वतःच्या देवघरात नव्हता.

एवढ्यावर गाडी रुळावर आली नाही. ताई गुरुजींना रोज फोन करून “आज शब्द राहिला, चालेल ना?” विचारू लागल्या. ‘चालेल’ ऐकलं की तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. गुरुजींना विश्वासात घेऊन ते उत्तर बंद केलं. मग सराव: अडखळलं तरी पुढे म्हणायचं, निरांजन विझलं तर लगेच लावायचं नाही, भीती येऊ द्यायची, तिच्यासोबत बसायचं. पहिल्या आठवड्यांत त्यांचे हात थरथरायचे. हे अशा उपचारातल्या प्रशिक्षित व्यक्तीच्या मदतीनेच करावं.

आता पूजा अर्ध्या तासात होते. गणपतीला त्या मनातलं मराठीत सांगतात, एकदा यजमानांच्या अपघाताबद्दल त्याच्यावर रागावल्याही. संकष्टीला भीती अजून डोकावते, औषध चालू आहे.

कुणाची पूजा अशीच लांबत चालली असेल, पुन्हा पुन्हा करावी लागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि घरच्यांनो, देवघराला कुलूप लावू नका. ताईंच्या यजमानांनी रागाच्या भरात एकदा लावलं होतं; त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.